दिवाणाची दिवसाआडची गोळी

मल्हारीच्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा भांडी वाटली, कोंबड्या वाटल्या, मेंढरं म्हाताऱ्यांकडं आणि जीप पोराकडं गेली. एक कुत्रं तेवढं वाटता आलं नाही.

वाटण्यांचं कारण विचाराल तर सांगायचीही लाज. मल्हारीची बायको कडूबाई एकदा पाहुण्यांसमोर बोलून गेली, "आमच्या सुनंची भाकर काय फुगत न्हाई बाई." झालं! सून अंजू दाराआडच उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं परात सासूच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "फुगणाऱ्या भाकरी तुमीच करा." कडूबाई म्हणाली, "करीन की." एवढ्यावरच मिटलं असतं, पण दोघीही हट्टाच्या, आणि चौथ्या दिवशी त्याच अंगणात दुसरी चूल मांडली गेली. दोन चुलींमध्ये दहा पावलांचं अंतर, आणि आता त्याला दोन वर्षं होत आली होती.

दोघी अगदीच बोलत नव्हत्या असं नाही. बोलायच्या, पण मध्ये कुणीतरी लागायचं. "अवो, तुमच्या आईला सांगा, दळण आलंय," असं अंजू नवऱ्याला म्हणायची, आणि आई तिथंच चार हातांवर शेंगा फोडत बसलेली असायची. "सांग तिला, ऐकलं म्हणावं." मधल्यामध्ये गोरक्षनाथ बिचारा नुसती मान हलवायचा आणि जीप काढून घनसावंगीच्या फेरीला निघून जायचा.

आता तुम्ही म्हणाल, घरात एवढा मोठा माणूस मल्हारी, त्यानं दोघींना दोन शब्द सांगायचे होते. अहो, कसले सांगतोय! मल्हारी म्हणजे कसा, बायको बोलली तरी "बराबर हाय" म्हणणार, सून बोलली तरी "बराबर हाय" म्हणणार. उभ्या आयुष्यात त्यानं कुणाला चूक म्हटलं नव्हतं. मेंढरांना शिव्या द्यायचा, तेवढ्याच.

तर कुत्रं. त्याचं नाव दिवाण. उंचापुरा, तांबूस अंगाचा, तोंड काळं. लहान असल्यापासून तो प्रत्येकाच्या अंगणातून असा डौलात फिरायचा, जणू शेतसारा गोळा करायला आलाय. म्हणून गावानंच ते नाव ठेवलं होतं. वाटण्यांच्या वेळी मल्हारीनं निकाल दिला, "एक दिस या चुलीवर खाईल, एक दिस त्या चुलीवर." दिवाणाला हे झकास जमलं. एका चुलीवर भाकरीत दूध कुस्करलं की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चुलीवर त्यात तुपाचा हात फिरायचा. दोघींची चुरस, आणि चंगळ कुत्र्याची.

पण मल्हारीसाठी दिवाण म्हणजे नुसतं दारचं कुत्रं नव्हतं. मल्हारीच्या डाव्या डोळ्यात लहानपणी बाभळीचा काटा घुसला होता. त्या बाजूचं त्याला काही म्हणजे काही दिसत नसे. हे दिवाणाला कुणी शिकवलं नव्हतं, पण दोन वर्षांचा झाल्यापासून तो मेंढरं चालली की मल्हारीच्या डाव्या हाताला चालायचा. एखादं मेंढरू त्या बाजूनं उसात वळलं की मल्हारीला कळायच्या आत दिवाण त्याला वळवून आणायचा. गोरक्षनाथनं बापाला साफ सांगून ठेवलं होतं, "आबा, हे कुत्रं हाय तवर मेंढरं ठेवा. कुत्रं गेलं की मेंढरं इकायची. एका डोळ्यानं कुणाच्या उसात घालचाल अन् मार खाऊन येचाल." आणि मेंढरं गेली तर मल्हारीनं दिवसभर करायचं काय? दोन चुलींच्या मधोमध बसून निरोप पोचवायचे?

गेल्या दिवाळीनंतर दिवाणाच्या नाकावर खपल्या धरू लागल्या. मग कानांवर, मग पंजांवर. कुणी म्हणालं खरूज आहे, जळकं ऑइल चोपडा. मल्हारीनं चोपडलं. खपल्या गेल्या नाहीत, उलट कातडं सोलवटलं. शेवटी गोरक्षनाथच म्हणाला, "टाका जीपमधी," आणि घनसावंगीत जनावरांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर तृप्तीकडं घेऊन गेला. ही पोरगी परतूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली, आवाज खणखणीत. पहिल्यांदा तिनं ऑइलवरून मल्हारीला असं झापलं की दिवाणानंसुद्धा कान पाडले.

"मामा, ही खरूज नाही," कातड्याची तपासणी करून आणल्यावर ती म्हणाली. "याचं अंग याच्याच कातड्यावर उलटलंय. बाहेरून काही लागलेलं नाही. गोळ्या द्याव्या लागतील, आणि बरेच दिवस. स्टिरॉइड म्हणतात याला. गुण भराभर येईल, पण भूक लागेल, तहान लागेल, मुतेल फार. घाबरू नका."

गुण खरंच आला. तीन आठवड्यांत नाक काळंभोर झालं. पण भूक! बाप रे बाप. दिवाणानं अंजूच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या, कडूबाईच्या कोंबड्यांचा कोंडा खाल्ला, एकदा गोरक्षनाथची चामड्याची चप्पल अर्धी खाऊन उरलेली अर्धी नेऊन पुरून ठेवली. मेंढरांच्या हौदाला तोंड लावलं की वर काढायचा नाही. कडूबाई कपाळावर हात मारायची, "अगं बया, ह्याच्या पोटात कोण बसलंय?" गोळी द्यायला मात्र काही कष्ट नव्हते. रोजची एक गोळी, ज्या चुलीची पाळी तिनं भाकरीत घालायची. दिवाण भाकरीसकट हातही गिळेल की काय अशी भीती.

दीड महिन्यानं मल्हारी पुन्हा दवाखान्यात गेला. आता कुत्रं बरं झालंय, गोळ्या बंद करू, असं त्याच्या मनात होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं.

"मामा, आता नीट ऐका. ही गोळी पोटात गेली की कुत्र्याचं काळीज, म्हणजे यकृत, ती फोडतं आणि मुतावाटे बाहेर काढतं. काही तासांत रक्तातून जाते, एक-दीड दिवसात तिचं काम संपतं. गोळी काही अंगात साठून राहत नाही."

"मंग बरंच की. बंद केली तरी काय बिघडलं?"

"तिथंच तर माणसं फसतात. या गोळीत जे आहे ना, तसंच कुत्र्याचं अंग स्वतःही करतं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर वाटाण्यापेक्षा थोड्या मोठ्या गाठी असतात, त्या करतात. आता दीड महिना बाहेरून आयतं मिळालं, तर त्या गाठी झोपल्यात. एकदम गोळी तोडली तर गोळी उद्या-परवा निघून जाईल आणि गाठी काही उद्या-परवा उठायच्या नाहीत. मग कुत्र्याच्या अंगात ना हे ना ते."

मल्हारीनं जरा वेळ डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा उजळला. "बाटलीवरचं कोकरू!"

"काय?"

"मेंढी मेली की कोकराला बाटलीनं पाजतो न्हाई का आमी? त्याला चरायचं ठावंच नसतंय. एकदम बाटली तोडली की मरतंय. मंग एक टाईम बाटली, एक टाईम उपाशी. उपाशी राह्यलं की खाली तोंड घालतंय गवताला."

डॉक्टरीणबाई हसली. "मामा, मला कॉलेजात हे समजायला सहा महिने लागले. अगदी तसंच. आता गोळी एक दिवसाआड द्यायची. मधल्या दिवशी त्या गाठींना उठून काम करावं लागेल."

मल्हारी खूश होऊन घरी आला. आणि इथंच त्यानं माती खाल्ली.

घरात कुठलीही वस्तू आली की तिचे दोन वाटे करायची त्याला सवयच लागली होती. शेंगा आल्या दोन वाटे, गूळ आला दोन वाटे. गोळ्यांची नवी पट्टी आली, तीसुद्धा त्यानं लोकर कातरायच्या कात्रीनं बरोबर मधोमध कापली. एक अर्धी कडूबाईला दिली, एक अंजूला. "आता एक दिसाआड," त्यानं दोघींना वेगवेगळं सांगितलं, आणि आपण कुणावर अन्याय केला नाही म्हणून समाधानानं पान खाल्लं.

अरे बाबा, पाळीच मुळात एक दिवसाआड! गोळीही एक दिवसाआड. म्हणजे गोळीचा दिवस यायचा तो दर वेळी एकाच चुलीवर, दुसरीच्या वाट्याला ती येणारच नाही. एवढं साधं त्याच्या ध्यानात आलं नाही.

कडूबाईनं हिशेब केला: आज माझ्या पाळीला मी जुन्यातली शेवटची गोळी दिली. नवं उद्यापासून सुरू, म्हणजे अंजूच्या दिवशी. माझ्याजवळच्या राखीव. दुसऱ्या दिवशी अंजूनं हिशेब केला: काल आत्यांनी गोळी दिली, म्हणजे आज खाडा. उद्या पुन्हा त्यांचीच पाळी, त्याच देणार. माझ्याजवळच्या त्यांच्या संपल्यावर लागतील. आता सांगा, कुणाचं चुकलं? दोघींचंही बरोबर. एकीनं दुसरीला एक शब्द विचारला असता तर भागलं असतं. पण विचारणार कोण? आणि दिवाण बिनगोळीची भाकर खाऊन शेपटी हलवत राहिला.

तिसऱ्या दिवशी त्यानं भाकर अर्धी टाकली. गोळी कमी झाली म्हणजे भूकही कमी होणारच, असं समजून कुणी मनावर घेतलं नाही. चौथ्या दिवशी तो मेंढरांमागं चालता चालता दोनदा बसला. सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, कालव्याच्या कडेला, साहेबराव पाटलांच्या कपाशीशेजारून मेंढरं चालली असताना साहेबराव ओरडतच आले, "ए मल्हारी! आंधळा झाला का रे? मेंढरं कपाशीत शिरून राह्यली!"

मल्हारीनं डावीकडं मान वळवली. सात-आठ मेंढरं कपाशीत शिरली होती, आणि दिवाण डाव्या बाजूला नव्हता. तो मागं, वीस-पंचवीस हातांवर, वाटेतच आडवा पडला होता. पाय थरथरत होते. तोंडाजवळ ओकल्याचं पिवळं पाणी. मल्हारीनं हाक मारली तर त्यानं नुसते डोळे वर केले, उठला नाही.

साहेबराव शिव्या द्यायला आलेले, पण कुत्रं बघून त्यांनीच मेंढरं बाहेर काढली आणि गोरक्षनाथला फोन लावला. मल्हारी मातीत बसून कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत होता, "दिवाणा, ऊठ रं. अरं ऊठ की, लेकरा." त्याला रडू आवरेना. आवरायचं कशाला, असंही त्याला वाटलं.

गोरक्षनाथ पाच मिनिटांत जीप घेऊन आला. जीपमध्ये मागं कडूबाई बसली होती, हातात पाण्याचा तांब्या. पुढं अंजू बसली होती. कोण कधी चढलं, कुणी कुणाला बोलावलं, काही कळायला मार्ग नव्हता. रस्ताभर दिवाणाचं डोकं कडूबाईच्या मांडीवर होतं आणि अंजू मागं वळून वळून विचारत होती, "श्वास चालू हाय ना?" मधे कुणी नव्हतं, तरी कडूबाईनं उत्तर दिलं, "हाय, हाय. जल्दी चल म्हणावं त्याला."

डॉक्टर तृप्तीनं दिवाणाला टेबलावर घेतलं, हिरड्या बघितल्या, छातीवर नळी लावली. "शेवटची गोळी कधी दिली?"

"हिला इचारा," कडूबाई म्हणाली.

"आत्यांना विचारा," अंजू म्हणाली.

मग कडूबाईनं कमरेच्या पिशवीतून अर्धी पट्टी काढली. अंजूनं पदराच्या गाठीतून अर्धी काढली. दोन्हींतली एकही गोळी निघालेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी धरले. कातरलेल्या कडा बरोबर जुळल्या.

"हे कापलं कुणी?"

मल्हारीनं खाली बघितलं. "म्या. दोघींना सारखं म्हणून."

"सहा दिवस!" ती ओरडली. "मामा, मला बाटलीवरचं कोकरू शिकवून गेलात आणि घरी जाऊन बाटली तोडलीत?" पण बोलता बोलता तिचे हात चालूच होते. पुढच्या पायावरचे केस काढले, सुई लावली, सलाईन सोडलं, त्याच औषधाचं जोरकस इंजेक्शन शिरेतून दिलं. "खपल्या परत आलेल्या नाहीत. रोग आटोक्यात आहे. याच्या अंगातली गोळी संपली आणि गाठी उठल्या नाहीत, एवढंच झालंय. वेळेत आणलंत. आता बसा आणि वाट बघा."

बसले. मल्हारी एका स्टुलावर, आणि दोघी भिंतीलगतच्या एकाच बाकड्यावर, कारण दुसरं बाकडं नव्हतंच. दुपारी दीडच्या पुढं दिवाणानं मान उचलली. अडीचला तो उठून बसला आणि टेबलावरूनच त्यानं डॉक्टरीणबाईंच्या डब्याकडं नाक वळवलं. मल्हारी हसला आणि हसता हसता पुन्हा रडला.

"आता माझी एक अट आहे," डॉक्टर तृप्ती म्हणाली. "पाळी-बिळी बंद. पुन्हा रोज गोळी सुरू, मग हळूहळू कमी. दीड-दोन महिने. आणि गोळी द्यायची ती एकाच हातानं. कोण देणार ते आत्ता सांगा, मी कागदावर लिहिते."

मल्हारीला वाटलं, आता पेटणार. पण भलतंच झालं.

"आत्यांनी द्यावी," अंजू म्हणाली. "त्यांच्याच हातचा हाय तो पिल्लापासनं."

"न्हाई, तिनं द्यावी," कडूबाई म्हणाली. "तिला कागद वाचता येतोय. मला गोळी-गोळीतला फरक कळत न्हाई."

दोघींनी मल्हारीकडं बघितलं. "बराबर हाय," असं त्याच्या तोंडात आलंच होतं. पण डॉक्टरीणबाई पेन धरून उभी होती आणि टेबलावरून दिवाण बघत होता.

"अंजू देईल," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं दोघांतल्या एकाची बाजू घेतली होती, आणि त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला. कडूबाई मात्र नुसती म्हणाली, "मंग लिहा की, म्याडम. बघता काय?"

दुसऱ्या दिवसापासून नवीनच त्रास सुरू झाला. दिवाणाची भूक अजून पहिल्यासारखी राक्षसी झाली नव्हती, आणि गोळी कडू असते हे त्याला कळून चुकलं होतं. भाकर खायचा आणि गोळी टक्कन बाहेर टाकायचा. गुळात दिली, टाकली. दह्यात दिली, दही चाटलं, गोळी ताटात. अंजू घामाघूम. कडूबाई आपल्या चुलीपुढं बसून बघत होती, च्‌ च्‌ करत होती. शेवटी तिला राहवेना. आली तरातरा.

"कोकराला औषध कसं पाजतेत, बघितलं न्हाई का कधी? सरक. म्या जबडा धरते. तू जिभेच्या पार मागं टाक, अन् नरडं चोळ. हां. चोळ, चोळ. गेली!"

गेली. दोघींनी एकदमच दिवाणाच्या तोंडात डोकावून बघितलं. मग हे रोजचंच झालं. सकाळी आठला कडूबाई हात धुऊन यायची, जबडा धरायची, अंजू गोळी टाकायची. बोलणं त्या कामापुरतंच. "धरलं." "टाकली." "गिळली का?" "गिळली." पण ते थेट व्हायचं, मध्ये कुणी लागत नसे. गोरक्षनाथ एकदा मध्ये बोलायला गेला तर दोघी मिळून त्याच्यावर खेकसल्या.

महिनाभरानं एका गोळीची अर्धी झाली. मग अर्धीची दिवसाआड. डॉक्टरीणबाईंनी मल्हारीला बजावलं होतं, "खाड्याच्या दिवशी सकाळी बघा. आपण होऊन उठला, खाल्लं, चालला, तर समजा त्या गाठी जाग्या व्हायला लागल्या. मलूल दिसला तर त्याच पावली घेऊन या."

खाड्याची पहिली सकाळ उजाडली. मल्हारीनं मेंढरांच्या वाघुरीचं, म्हणजे जाळीच्या कुंपणाचं, दार उघडलं, पण स्वतः हलला नाही. दिवाण अंगणात पाय पसरून पडला होता. मेंढरं बाहेर पडली, पहिली चार, मग दहा, मग सगळी. दिवाण पडलेलाच. मल्हारीनं हाक मारली नाही. मारायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. त्याचं त्यानंच उठलं पाहिजे.

एक मेंढरू अंजूच्या मेथीच्या वाफ्याकडं वळलं. दिवाणानं एक कान उचलला. मग उठला. पुढचे पाय ताणले, मागचे ताणले, तोंड भरून जांभई दिली आणि गेला. मेंढरू वळवलं आणि मल्हारीच्या डाव्या हाताला येऊन उभा राहिला, चल म्हटल्यासारखा. मल्हारीनं त्याच्या मानेत बोटं घातली. "शाबास रे पठ्ठ्या," तो म्हणाला.

निघताना त्यानं सहज मागं वळून बघितलं. आठ वाजले होते. कडूबाई हात धुऊन, पदराला पुसत, अंजूच्या चुलीकडं चालली होती. मल्हारीला वाटलं, म्हातारी विसरली. हाक मारून सांगावं, एवढ्यात अंजूनंच वर बघितलं.

"आत्या, आज गोळी न्हाई. आज खाडा हाय."

"ठाव हाय मला," कडूबाई चुलीपाशी बूड टेकत म्हणाली. "म्हून काय यायचं न्हाई?"